गजकर्ण आणि सोरायसिस : रूपनाम व कारणनाम

म्हैसूरच्या कन्नडात बुरशीजन्य चट्ट्यास ‘हुळुकड्डि’ म्हणतात. ‘हुळु’ म्हणजे किडा. मराठी ‘गजकर्ण’ हत्तीच्या कानाचे स्मरण देते. रोगाशी मात्र ना किड्याचा संबंध, ना हत्तीचा. लोकभाषा रोगाला रूपावरून नाव देते, ते असे.

रूपाचा हा चकवा सूक्ष्मदर्शकालाही चुकलेला नाही. सोरायसिस हा दाहजन्य व असंसर्गजन्य विकार; गजकर्ण बुरशीमुळे होणारे व संसर्गजन्य. तथापि दोहोंतही त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात श्वेतपेशींचे पुंजके आढळू शकतात आणि नेहमीच्या अभिरंजनात बुरशीचे तंतू सहज नजरेस येत नाहीत. ‘पिरिऑडिक ॲसिड-शिफ’ अभिरंजनाने तंतूंच्या भित्तिका किरमिजी होतात, तेव्हा उलगडा होतो. निदान चुकून बुरशीवर स्टेरॉइडचा लेप दिल्यास लाली ओसरते. बुरशी मात्र पसरत राहते.

ज्ञानग्रंथांच्या अनुवादासाठी २००८ साली सुरू झालेले राष्ट्रीय अनुवाद मिशन म्हैसूरच्याच भारतीय भाषा संस्थानाकडे सोपविले गेले. अशा कार्यात सोरायसिसला ‘गजकर्ण’ म्हणणे हा केवळ शब्ददोष ठरत नाही. त्याचे मोल रुग्णाला द्यावे लागते. कोशकाराने रूपनाम जपावे, पण त्याच्या शेजारी कारणही नोंदवावे.