दप्तर आधी, संगणक नंतर : ग्रामपंचायतींच्या डिजिटल कारभारातील अनुभवाचे बोल

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायत राज संस्थांना घटनात्मक दर्जा दिला आणि अकराव्या अनुसूचीतील २९ विषय त्यांच्याकडे सोपवता येतील अशी तरतूद केली, तरी सामान्य ग्रामस्थाचा ग्रामपंचायतीशी येणारा संबंध प्रामुख्याने तीन कागदांपुरता असतो : दाखला, उतारा आणि पावती. हे तिन्ही कागद ज्या नोंदवह्यांतून निघतात त्यांच्या समूहाला दप्तर म्हणतात. दप्तर नीट असेल तर निराधार वृद्धेचे अनुदान वेळेवर सुरू होते, मुलाचा शाळाप्रवेश अडत नाही आणि घराचे कर्जप्रकरण बँकेत खोळंबत नाही. दप्तरात घोळ असेल तर त्याचे चटके ज्याला तालुक्याला खेटे घालण्याची ऐपत नाही त्याला सर्वांत आधी बसतात. त्यामुळे ग्रामपंचायतींच्या डिजिटल प्रगतीचा कोणताही विचार संगणकापासून न होता दप्तरापासून होणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रात ही वाटचाल दीड दशकाची आहे. २०११ साली ‘संग्राम’, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, हा प्रकल्प सुरू झाला आणि राज्यातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींच्या कारभारात संगणक व तो चालवणारा परिचालक यांचा प्रवेश झाला. त्याच वर्षीच्या ग्रामपंचायत लेखासंहितेने पंचायतीने ठेवावयाच्या नोंदवह्या नमुना १ ते ३३ अशा क्रमाने निश्चित केल्या : अंदाजपत्रक नमुना १ मध्ये, सामान्य रोकडवही नमुना ५ मध्ये, घरे व जागा यांच्या करआकारणीची नोंद नमुना ८ मध्ये, कराच्या मागणीची नोंद नमुना ९ मध्ये आणि करवसुलीची पावती नमुना १० मध्ये. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला, २०१६ पासून ‘संग्राम’च्या जागी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले आणि २४ एप्रिल २०२० रोजी नियोजन, लेखे व देयके एकत्र आणणारी ‘ई-ग्रामस्वराज’ ही केंद्रीय प्रणाली सुरू झाली. ही प्रगती खरी आहे. जो उतारा मिळवण्यासाठी पूर्वी ग्रामसेवकाच्या भेटीचा दिवस पाहावा लागे, तो आज अनेक गावांत काही मिनिटांत हाती पडतो.

तथापि या वाटचालीतील काही टप्पे जवळून पाहिल्यावर प्रस्तुत लेखकाचे असे ठाम मत झाले आहे की, हाताने लिहिलेल्या नोंदींचा ताळमेळ घेण्याआधीच त्या संगणकात भरल्या गेल्या, तर जुनी चूक नाहीशी होण्याऐवजी तिला छापील अक्षराचा अधिकार प्राप्त होतो आणि ती दुरुस्त करणे पूर्वीपेक्षा अवघड होऊन बसते. पुढील विवेचन ज्या ग्रामपंचायती अजून या टप्प्यातून जात आहेत, त्यांच्या उपयोगी पडावे या हेतूने केले आहे.

शेऱ्याचा रकाना

पश्चिम महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या ग्रामपंचायतीत नमुना ८ चे संगणकीकरण होत असताना जे घडले ते अनेक ठिकाणी थोड्याफार फरकाने घडलेले आहे. या नोंदवहीत मालमत्ता क्रमांक, मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, म्हणजे प्रत्यक्षात त्या घरात राहणाऱ्याचे नाव, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि आकारलेला कर असे रकाने असतात आणि शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. वडील वारल्यावर मुलांची नावे लागली तो ठराव, भावाभावांतील वाटणीपत्र, घरावर असलेला पतसंस्थेच्या कर्जाचा बोजा, जागेबाबत न्यायालयात चालू असलेला दावा हे सारे वर्षानुवर्षे याच अरुंद रकान्यात, बहुधा वेगवेगळ्या शाईत आणि तिरक्या अक्षरांत लिहिले गेलेले असते. नोंदी भरण्याचे काम ठरावीक मुदतीत संपवायचे होते आणि भरलेल्या ओळींची संख्या हेच कामाचे माप धरले होते. त्यामुळे नाव, क्षेत्रफळ व कर हे रकाने भरले गेले आणि शेऱ्याचा रकाना बहुतांश मालमत्तांपुढे कोरा राहिला.

परिणाम लगेच दिसला नाही, कारण संगणकातून निघणारा उतारा जुन्या हस्तलिखितापेक्षा अधिक स्वच्छ व सुवाच्य होता. पुढे परिणाम दिसला तो असा : एका मयत खातेदाराच्या घरावरील बोजा उताऱ्यात उमटलाच नाही आणि अन्य एका घराच्या बाबतीत वाटणीनंतर अर्ध्या भागावर स्वतंत्र नाव लागलेल्या धाकट्या भावाचे नाव उताऱ्यातून गळले. मूळ नोंदवही कपाटात सुरक्षित होती म्हणून दोन्ही बाबी मासिक सभेच्या ठरावाने दुरुस्त होऊ शकल्या. ती वही रद्दीत गेली असती किंवा वाळवीने खाल्ली असती, तर त्या भावाला स्वतःच्या घरावरील हक्क शाबीत करण्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागली असती.

येथे हेही स्पष्ट केले पाहिजे की नमुना ८ ही मूलतः करआकारणीची नोंद आहे, मालकी हक्काचा तो अंतिम पुरावा नव्हे. गावठाणातील मिळकतींची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याची ‘स्वामित्व’ योजना २०२० साली हाती घेण्यात आली ती याच उणिवेमुळे. परंतु जेथे मिळकतपत्रिका पोहोचलेली नाही, तेथे व्यवहारात सारी भिस्त नमुना ८ च्या उताऱ्यावरच असते, म्हणून त्यातील शेऱ्याचे मोल करापेक्षा अधिक आहे.

भरलेला कर आणि न फाडलेली पावती

दुसरा धडा वसुलीचा आहे. अलीकडे बऱ्याच ग्रामपंचायतींच्या दारावर क्यूआर कोडचा फलक लागलेला असतो आणि घरपट्टी व पाणीपट्टी मोबाइलवरून भरता येते. मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्या चाकरमान्यांची ही मोठी सोय झाली आहे, यात शंका नाही. मात्र पैसे बँक खात्यात जमा होणे आणि ते त्या मालमत्तेच्या नावे नमुना ९ मध्ये जमा दिसणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ज्या ठिकाणी क्यूआर कोड थेट बँक खात्याला जोडलेला असतो, करप्रणालीला नव्हे, तेथे बँकेच्या विवरणात केवळ रक्कम आणि पाठवणाऱ्याचे नाव दिसते. पाठवणारा मुलगा असतो, घर वडिलांच्या नावे असते आणि मालमत्ता क्रमांक कोणीच लिहिलेला नसतो. अशा रकमा ‘अनामत’ म्हणून पडून राहतात आणि पुढच्या मार्चअखेरीस वसुलीची मोहीम निघाली की कर भरलेल्या माणसाच्या दारावर थकबाकीची नोटीस डकवली जाते. ज्याने प्रामाणिकपणे कर भरला त्याची चारचौघांत अशी शोभा होणे ही अक्षम्य गोष्ट आहे आणि ती झाली की तो माणूस पुन्हा मोबाइलवरून पैसे भरण्यास धजत नाही.

यावरचा उपाय सोपा असून त्याला कोणतीही नवी प्रणाली लागत नाही. बँकेचे विवरण, रोकडवही आणि नमुना ९ या तिन्हींचा मेळ दर आठवड्याला घालावा आणि कोणत्याही मार्गाने आलेल्या रकमेची नमुना १० ची पावती मालमत्ता क्रमांकासह भरणाऱ्याच्या मोबाइलवर पाठवावी. तसेच फलकावर क्यूआर कोडच्या खाली ठळक अक्षरांत मालमत्ता क्रमांक लिहिण्याची सूचना असावी. जमा-खर्चाचा मेळ घालण्याची शिस्त कागदी रोकडवहीच्या काळात होती. पैशाने वाट बदलली म्हणून ती शिस्त सुटता कामा नये.

स्वाक्षरी कोणाच्या हातात

तिसरी बाब सर्वांत नाजूक आहे. वित्त आयोगाच्या निधीतून होणारे प्रदान, म्हणजे ठेकेदार वा पुरवठादाराला देयकाची रक्कम अदा करणे, आता धनादेशाने न होता ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीतून होते आणि त्यासाठी ग्रामसेवक व सरपंच या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. डिजिटल स्वाक्षरी ही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार कायद्याने मान्य असलेली, पेनड्राइव्हसारख्या छोट्या उपकरणात साठवलेली आणि सांकेतिक क्रमांकाने उघडणारी ओळख असते. दोन स्वाक्षऱ्यांची रचना करण्यामागचा हेतू हाच की एकाने देयक तयार करावे आणि दुसऱ्याने कामाची खातरजमा करून मगच मान्यता द्यावी.

प्रत्यक्षात अनेक कार्यालयांत दोन्ही उपकरणे परिचालकाच्या टेबलाच्या एकाच खणात असतात आणि दोन्ही सांकेतिक क्रमांक झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेले असतात. यामागे प्रत्येक वेळी बदनियत असतेच असे नाही. ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावांचा कार्यभार असतो, सरपंच शेतावर असतो, सरपंच महिला असल्यास तिच्या वतीने कित्येकदा घरातील पुरुषच कारभार पाहतो, आणि काम अडू नये म्हणून ही सोय केली जाते. परंतु लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर जबाबदारी ज्याच्या नावाची स्वाक्षरी त्याच्यावरच येते आणि आपण ते देयक पाहिलेच नव्हते हा बचाव टिकत नाही. आरक्षणामुळे पहिल्यांदा निवडून आलेल्या महिला सरपंचांना तर हे कळकळीने सांगितले पाहिजे की हे उपकरण म्हणजे त्यांच्या पदाचा अधिकार होय. ते स्वतःजवळ ठेवावे, सांकेतिक क्रमांक पतीलाही सांगू नये आणि मोजमाप पुस्तिका, मासिक सभेचा ठराव व जागेवरील काम या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय ते संगणकाला लावू नये.

एक अक्षर चुकले तर

जन्म-मृत्यू नोंदणीत एका अक्षराची चूकही माणसाचा आयुष्यभर पाठलाग करते. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार घटनेची खबर २१ दिवसांत दिल्यास नोंद विनाशुल्क होते, त्यानंतर विलंब शुल्क लागते आणि एक वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. २०२३ च्या सुधारणेनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी इत्यादी कामांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा आधार ठरला आहे. त्यामुळे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत कसे लिहिले आहे, हे नोंद अंतिम करण्यापूर्वी आई-वडिलांना पडद्यावर दाखवून किंवा कच्ची प्रत देऊन तपासून घेणे हा शिरस्ता प्रत्येक ग्रामपंचायतीने पाडला पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापुढे नाव मोठ्याने वाचावे. यास लागणारा वेळ पुढील वर्षांतील हेलपाट्यांच्या तुलनेत नगण्य आहे.

इतरांसाठी मार्गदर्शन

वरील अनुभवांतून कामाचा एक क्रम निघतो. प्रथम मूळ नोंदवह्यांची पाने क्रमांकित करून ती जशीच्या तशी स्कॅन करावीत, जेणेकरून शेऱ्यासह सर्व मजकुराचे छायाचित्र कायम राहील. मग नोंदी भराव्यात आणि भरलेली यादी वाडी-वस्तीनिहाय चावडीवर व मंदिराच्या पारावर लावून हरकती मागवाव्यात, कारण गावातील कोणते घर कोणाचे हे गावाइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. करआकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी करावयाची असल्याने, हे काम त्या फेरतपासणीला जोडल्यास वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. हरकतींचा निपटारा ग्रामसभेपुढे ठेवल्यानंतरच संगणकीय नोंद अंतिम मानावी आणि किमान एक संपूर्ण आर्थिक वर्ष हस्तलिखित व संगणकीय नोंदी समांतर चालवाव्यात. मूळ नोंदवह्या त्यानंतरही नष्ट करू नयेत.

परिचालकाचा प्रश्न यापासून वेगळा काढता येत नाही. सारी प्रणाली ज्याच्या बोटांवर चालते त्याचे मानधन महिनोन्महिने रखडत असेल, तर नोंदींच्या अचूकतेची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे ठरते. मानधन वेळेवर देणे, प्रशिक्षण एकाला न देता दोघांना देणे आणि प्रणालीचे पासवर्ड व्यक्तीकडे न ठेवता त्यांच्या हस्तांतरणाची लेखी नोंद ठेवणे, एवढी दक्षता घेतली तर परिचालक काम सोडून गेला म्हणून दाखले बंद पडण्याची नामुष्की टळते. वीज किंवा इंटरनेट नसलेल्या दिवशी अर्ज परत न पाठवता कागदावर स्वीकारून पोच द्यावी, हेही आवर्जून पाळावे.

ग्रामस्थानेही आपला हक्क जाणून घेतला पाहिजे. जन्म, मृत्यू व विवाह नोंदीचे दाखले, नमुना ८ चा उतारा, दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला, येणे बाकी नसल्याचा दाखला आणि निराधार असल्याचा दाखला या सात सेवा लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येतात. त्यांची मुदत, शुल्क आणि पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे सेवा देण्यास कायद्याने जबाबदार असलेला अधिकारी, यांचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. अर्ज केल्यावर पोच घ्यावी. मुदत टळल्यास किंवा अर्ज फेटाळल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करता येते आणि सबळ कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. जो ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे उत्तर तोंडी ऐकून परत जातो, त्याची तक्रार कोठेही नोंदली जात नाही. पोच हातात असणाऱ्याची मुदत मात्र त्याच दिवसापासून मोजली जाते.

ग्रामपंचायत किती सेवा ‘ऑनलाइन’ देते हा प्रगतीचा निकष अपुरा आहे. वर्षभरात किती उतारे दुरुस्तीसाठी परत आले, भरलेल्या करापैकी किती रक्कम नावे न लागता पडून राहिली आणि मुदतीनंतर किती दाखले दिले गेले, हे तीन आकडे प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवण्याची प्रथा पडली, तर तंत्रज्ञानावर झालेला खर्च कारणी लागला की नाही हे गावाला स्वतःच ठरवता येईल. हे आकडे प्रणालीतून आणि आवक-जावक नोंदवहीतून सहज काढता येतात. ते मागणारा एक जागरूक सदस्य आणि ते न लपवणारा एक सरपंच, एवढ्यावर या कामाची सुरुवात होऊ शकते.