दीर्घ पदयात्रेतील पायमोजे : निवड व पादरक्षण

आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर पायी चालणाऱ्यांत आता बूट-मोजे घालणारे शहरी वारकरीही पुष्कळ दिसतात. प्रस्थानापूर्वी ते तेल व चूर्ण नेण्यास येतात आणि जाता जाता मोज्यांविषयी विचारतात. त्यावर वैद्यवर्गात रूढ असलेले उत्तर म्हणजे ‘सुती वापरा’. सूत नैसर्गिक व घाम शोषणारे, म्हणून पथ्यकर, अशी ही विचारसरणी आहे. नित्य वापरापुरती ती योग्यच आहे. परंतु ज्येष्ठ-आषाढातील पावसात रोज कित्येक तास चालणाऱ्यास हा सल्ला अपायकारक ठरू शकतो, असे आमचे मत आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील क्षुद्ररोगांमध्ये पायाचे दोन विकार येतात. दूषित चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्यांत क्लेद, कंडू व दाह उत्पन्न होतो, तो ‘अलस’. फार चालणाऱ्याच्या रूक्ष पायांत वायूमुळे भेगा पडतात, ती ‘पाददारी’. पावसाळी वाटचालीत पहिल्याचे भय अधिक. ओला मोजा दिवसभर पायात राहिला, तर चिखल न तुडवताही क्लेद होतोच.

घर्षणज फोडाचे कारणही येथेच आहे. पाऊल पडताना आतील अस्थी सरकते व त्वचा मोज्याला चिकटून मागे राहते. हा ताण सहस्रावधी वेळा पडला, की बाह्यत्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये द्रव साठतो. दमट त्वचेचे घर्षण कोरड्या त्वचेपेक्षा अधिक असते. सुती धागा पाणी धरून ठेवतो, फुगतो, आकार सोडतो व सावकाश वाळतो. पॉलिएस्टर स्वतः जवळजवळ पाणी शोषत नाही. ते धाग्यांच्या फटींतून बाहेर सरकते. मेरिनो लोकर बाष्प बरेच शोषते, तरी ओली असतानाही लवचीक राहते व तिला दुर्गंधी कमी येते. ‘लोकर म्हणजे उष्ण’ ही रुग्णांची शंका जाड हिवाळी मोज्यांना लागू पडते. लोकर-नायलॉन मिश्रणाचा पातळ मोजा आपल्या हवामानातही सोसवतो. मात्र केवळ धाग्यावर भिस्त ठेवू नये. १९९० साली अमेरिकेत लांब पल्ल्याच्या धावपटूंवरील अभ्यासात विशेष जाड विणीच्या ॲक्रिलिक मोज्यांनी सुती मोज्यांपेक्षा फोड कमी झाल्याचे आढळले. १९९३ च्या अभ्यासात साधी वीण घेतल्यावर तो फरक उरला नाही.

म्हणून मोजा उलटा करून पाहावा. बोटांवरील शिवण जाड नसावी, टाच टाचेवरच बसावी, चुणी पडू नये. काही अनुभवी पदयात्री आत पातळ व बाहेर जाड असे दोन मोजे घालतात. घर्षण त्वचेवर न होता दोन कापडांत होते. मात्र बुटात तेवढी जागा हवी. तीन जोड पुरेत: एक पायात, एक दुपारच्या विसाव्यात बदलण्यास, एक पिशवीवर टाचून वाळत घातलेला. नवे मोजे व नवे बूट यांची ओळख वारीत करून देऊ नये. महिनाभर आधी चालून पाहावे.

पादाभ्यंगाची वेळ हा आपला विषय. चरकाने सूत्रस्थानात खरता, स्तब्धता, श्रम व सुप्ती यांवर तो सांगितला आहे आणि तो करावाच. पण रात्री, आणि नंतर पाय पुसून. सकाळी तेल चोपडून मोजा चढवल्यास आरंभी पाय सरकतो, पुढे मऊ झालेल्या त्वचेचे घर्षण उलट वाढते. तेलाची बाटली देताना औषधालयचालकांनी हे आवर्जून सांगावे.

मधुमेही यात्रेकरूचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. सुप्तीमुळे त्याला फोड जाणवत नाही. त्याचा मोजा पांढरा वा फिकट असावा, म्हणजे रक्त अथवा स्राव लागलीच दिसेल. वरचा पट्टा आवळणारा नसावा. मुक्कामी पोहोचताच दुसऱ्याकडून तळवे व बेचके तपासून घ्यावेत. फोड आला तर वरची त्वचा सोलू नये, स्वच्छ आच्छादन बांधावे. लाली पसरत असेल, पू असेल किंवा ताप आला, तर त्या दिवशीचे चालणे थांबवून रुग्णालय गाठावे. लेप लावून पुढच्या मुक्कामापर्यंत नेऊ नये.