गिऱ्हाईक परत येतं तिथे जेव

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नेमणुकीची बातमी तुझ्या बाबाने फोनवर सांगितली. महिन्यातले निम्मे दिवस ऑडिटसाठी बाहेरगावी, उरलेले कोथरूडच्या फ्लॅटवर, आणि स्वयंपाकाच्या नावाने शंख, असं एकंदर दिसतंय. पोरगी बाहेरचं खाऊन पोट बिघडवून घेणार म्हणून वहिनीला घोर लागलाय. तिने तो माझ्यापुढे मांडला, कारण हीच नोकरी मी निवृत्त होईपर्यंत केली आणि माझं पोट अजून शाबूत आहे. म्हणून हे पत्र. वह्या कशा तपासायच्या ते तुझे साहेब शिकवतील. जेवायचं कुठे ते त्या खात्यात कोणी शिकवत नाही.

एक कसोटी लक्षात ठेव, बाकीचं बरंचसं तिच्यातूनच निघतं. हॉटेलात शिरण्याआधी बघ, की इथलं गिऱ्हाईक उद्या परत येणारं आहे की आज गेलं ते गेलंच. ज्याला उद्या पुन्हा तेच चेहरे बघायचे आहेत तो मालक डाळीत पाणी ओतताना दहादा विचार करतो. ज्याचं गिऱ्हाईक बसमधून उतरतं आणि वीस मिनिटांत बसमध्ये चढतं, त्याला विचार करायचं कारणच नाही.

आता हीच कसोटी हमरस्त्यावर लाव. लोक सांगतात, ‘गाडीचा ड्रायव्हर जेवतो तिथे बिनधास्त जेवावं.’ अर्धवट शहाणपण आहे ते. प्रवासी गाड्या ठरावीक हॉटेलांवर थांबतात, तिथे ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण बहुतेक वेळा मालकाकडून असतं. गाडीभर गिऱ्हाईक आणून दिल्याचा तो मोबदला. त्यांच्या ताटात काय पडतं आणि तुझ्या ताटात काय पडतं, याचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. ट्रकवाल्याचं तसं नसतं. तो खिशातून पैसे मोजतो, आणि चार-आठ दिवसांनी माल घेऊन त्याच रस्त्याने परत येतो. म्हणून बस बघू नकोस, ट्रक बघ. दुपारी ट्रकांची रांग असलेल्या ढाब्यावर खुशाल जेव. रात्री एकटी असशील तर मात्र तो नाद सोड आणि गावात जाऊन जेव. हा सल्ला भित्रेपणाचा वाटला तरी चालेल.

धुळे-जळगावकडे पाठवलं तर शेवभाजी अशाच ढाब्यावर खा. भटारखाना दिसेल असं टेबल धर आणि नीट बघ. काळ्या मसाल्याचा रस्सा एका बाजूला नुसता उकळत ठेवलेला असतो. जाड तिखट शेव वेगळी, कोरडी. तू सांगितल्यावरच ती रश्शात पडते, एक उकळी येते न येते तोच वाटी तुझ्यापुढे. शेव बाहेरून भिजलेली आणि आतून अजून दाताखाली लागणारी हवी. आयता गोळा झालेला लगदा पुढे आला तर ती भाजी तुझ्यासाठी केलेली नाही, आधीच्या कोणाच्या तरी वेळची आहे. थंडीत गेलीस तर भरीत मागव. तिकडची वांगी लांबट, फिकट हिरवी, आणि कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेली. तो धुराचा वास गॅसच्या शेगडीला जन्मात जमायचा नाही. उन्हाळ्यात मात्र त्याच भरिताचा हट्ट धरू नकोस.

मोसमाचं आणि वाराचं गणित लोक विसरतात. मटणाची खानावळ बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी गाठावी. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं आपल्याकडे इतकी आहेत की त्या दिवशी तिथे शुकशुकाट असतो, आणि शुकशुकाटात काल उरलेलं आज खपवायचा मोह होतो. किनाऱ्यावरही तेच. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात आणि गोव्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत मालवणला किंवा पणजीला कोणी ‘आत्ताच आलेली सुरमई’ म्हणून वाढली, तर ती कुठून आली असं हसतमुखाने विचार. बर्फातली तरी असते, नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावरची. तेव्हा खाडीतलं काही मिळालं तर घे, सुक्या जवळ्याची चटणी आणि सोलकढी घे, भातावर सुक्या बांगड्याची कोशिंबीर घे. तिथली माणसं पावसात तेच खातात. सुरमईसाठी नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा जा.

गावात पोचल्यावर ‘इथे चांगलं हॉटेल कुठलं?’ असं बँकेच्या शाखाधिकाऱ्याला विचारू नकोस. तो एसी असलेलं, पाहुण्यांना न्यायचं ठिकाण सांगेल. तिथे अठरा पानी मेनूकार्ड मिळेल, त्यात पनीरचेच वीस प्रकार. भटारखान्यात जाऊन पाहिलंस तर पातेली तीन: एक लाल, टोमॅटोची, एक पांढरी, काजू-मगजाची, एक तपकिरी, कांद्याची. वीस नावं त्या तीन पातेल्यांतूनच निघतात. त्याऐवजी शिपायाला किंवा रोखपालाला विचार, ‘तुम्ही कुठे जेवता?’ प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. मग एखाद्या बोळातली मावशींची खानावळ निघते, तिथे मेनूकार्ड नसतं. फळ्यावर दोन भाज्या लिहिलेल्या असतात आणि एक वाजून गेला की त्यातली एक पुसलेली. साडेबाराला जा. दोननंतर कोणत्याच खानावळीची डाळ पहिल्यासारखी नसते.

अशा खानावळींत महिन्याचे मेंबर असतात, बदलीवर आलेले मास्तर, तलाठी, कॉलेजची मुलं. हीच मंडळी तुझ्या पोटाची हमी. महिनाभर पैसे बांधलेला माणूस डाळ पातळ झाली की दुसऱ्या दिवशी बोलून दाखवतो आणि पुढच्या महिन्यात मेस बदलतो. गिरणगावातल्या खानावळी याच हिशेबावर चालल्या. घरच्या चुलीवर गिरणी कामगारांचे डबे आणि ताटं सांभाळणाऱ्या त्या बायकांना किराणा उधारीवर घ्यावा लागे, सावकाराचं व्याज भरावं लागे. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तू बँकांची कर्जखाती तपासणार आहेस; तारण नसलेल्या बाईला कर्ज द्यावं की नाही असा प्रश्न फायलीत दिसेल, तेव्हा हे आठव. विषयांतर झालं, पण झालं ते बरं झालं.

आणि एक गोष्ट दगडावरची रेघ समज. ज्या शाखेची तपासणी चालू आहे तिचं जेवण घ्यायचं नाही. चहा घे, पाणी घे. ‘मॅडम, आमच्या संचालकांच्या हॉटेलात सोय केलीय’ असं कोणी म्हणालं की हात जोड आणि डबा आणलाय म्हण, नसला तरी. खाल्ल्या मिठाला जागायची आपल्याकडे रीत आहे. म्हणून ज्यांच्या वह्या तपासायच्या त्यांचं मीठच तोंडात घालू नये. उलट, भत्ता वाचवायचा म्हणून तिन्ही त्रिकाळ वडापावावर राहणारे सहकारी तुला भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस. भत्ता जेवायला दिलेला असतो, त्यात सोन्याची वळी घडवायची नसतात.

एकट्या बाईने हॉटेलात बसायचं म्हटलं की वेटर हमखास ‘फॅमिली रूम’कडे बोट करतो. माझ्या वेळी तिथे पडदे असत. आता पडदे गेले, पण अंधार आणि बंद पंखा बऱ्याच ठिकाणी राहिलाय. तुला तिथे बसायचं नसेल तर बसू नकोस. गल्ल्याजवळचं, मालकाला दिसणारं टेबल माग. ते हक्काने मागायचं, विनंती करून नाही. वेटरला ‘शुक शुक’ करू नकोस, ‘छोटू’ तर मुळीच म्हणू नकोस; ‘दादा’ म्हण, ‘मावशी’ म्हण. टेबल पुसणारा खरंच लहान मुलगा असेल तर मालकाला विचार, आणि पुन्हा तिथे पाऊल टाकू नकोस.

बिल वाचत जा, तुला ते सांगायला नकोच. साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के. कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलवाल्याला तो गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही; तशी ओळ बिलावर छापलेली असते आणि तरी खाली कर लावलेला दिसतो, तेव्हा बोट ठेव. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. तो काढायला सांग, आणि त्यातले थोडे पैसे वाढणाऱ्याच्या हातात रोख दे.

आता पुण्याचं. बाहेरगावी तू इतरांच्या येण्याजाण्यावरून हॉटेल पारखशील, पण घराजवळ परत येणारं गिऱ्हाईक तू स्वतः व्हायला हवंस. वहिनी म्हणते, रोज रात्री फोनवरून काहीतरी मागवतेस, दर वेळी नव्या ठिकाणचं, आणि मालिका बघत डब्यातूनच खातेस. त्या अन्नाला ना ओळख ना पाळख. कोपऱ्यावरचं एखादं उडुप्याचं किंवा पोळीभाजीचं हॉटेल पकड आणि आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी तिथे बसून जेव. महिनाभरात वाढपी तुला ओळखायला लागेल. ‘आज भाजी नको, उसळ घ्या’ असं तो हळूच म्हणेल, आणि त्या एका वाक्याची बरोबरी कुठलेही तारांकित अभिप्राय करू शकणार नाहीत. फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीत सकाळी ठरलेल्या टेबलांवर ठरलेली मंडळी बसतात, ती काही नुसत्या डोशासाठी नाही. माटुंग्याला स्टेशनजवळ रामा नायकांचं बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. केळीच्या पानावर जेवायला तिथे आजोबा नातवाला घेऊन येतात. तिकडे काम निघालं तर जरूर जा, पण भुकेली जा.

ओळख झाली की तक्रारही करता येते, आणि ती करायचीच. आमटी खारट असेल तर ताट तसंच सोडून येऊ नकोस, मालकाला सांग. बरं झालं असेल तर भटारखान्याच्या दाराशी जाऊन सांग. तिथे कौतुक सहसा पोचत नाही.

पहिला दौरा जळगावचा आहे असं कळलं. माझ्या वेळच्या तिथल्या खानावळी आता किती उरल्यात कोण जाणे. बँकेतल्या शिपायाला विचार, जेवून ये, आणि भाकरी कळण्याची होती का, सोबत ठेचा कसला होता, मालकीणबाई कोण, हे सविस्तर लिहून पाठव. नुसते फोटो पाठवू नकोस.

तुझी,
आत्या