घोरणे, थांबणारा श्वास आणि डोळ्याची बाहुली

घोरणारा माणूस गाढ झोपलाय, असे आपण समजतो. पण झोपेत श्वास दहा सेकंद किंवा अधिक थांबत असेल, आणि असे तासाला ५ किंवा जास्त वेळा होत असेल, तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. दर वेळी शरीर दचकते. आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचा तोल बिघडतो, रक्तदाब वाढतो. उजेडात डोळ्याची बाहुली लहान करणे हेही याच मज्जासंस्थेचे काम. म्हणून संशोधक यंत्राने बाहुलीची हालचाल मोजतात. घरी बॅटरी मारून मात्र हा आजार कळत नाही. आम्ही नर्स एवढेच सांगतो : जोरात घोरणे, सकाळी डोकेदुखी, दिवसा पेंग असेल, तर डॉक्टरांकडे झोपेच्या तपासणीबद्दल विचारा. शेजारी झोपणाऱ्यालाही सोबत न्या. थांबलेला श्वास त्यानेच पाहिलेला असतो.