खोल सागराचे दोन साक्षीदार

यवतमाळ जिल्ह्यातील वणीचा दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी पुरल्या गेलेल्या वनस्पतींचा कार्बन होय. सागरातील सूक्ष्म वनस्पतीही मेल्यावर खोल बुडतात. पण तेथे जंतू त्यांना कुजवितात, पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि बहुतेक कार्बन पाण्यात परततो. प्राणवायू किती घटला, यावरून परतलेल्या कार्बनचा अंदाज येतो. त्यास किती काळ लागला, हे किरणोत्सारी कार्बन-१४ सांगतो. कारण तो ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. यावरून उत्तर पॅसिफिकचे खोल पाणी हजाराहून अधिक वर्षे हवेपासून दूर असल्याचे कळले. माणसाने कोळसा व तेल जाळून हवेत सोडलेल्या कार्बनचा सुमारे चौथा हिस्सा आज सागर शोषून घेतो. ही ठेव तो किती काळ सांभाळील, हे या दोन साक्षीदारांनाच विचारावे लागते.