टायर : कापडाने बांधलेली हवा

वऱ्हाडात एप्रिल-मे लागला, की महामार्गाच्या कडेला फाटलेल्या टायरच्या चिंध्या दिसू लागतात. 'उन्हानं फुटला' असे म्हणून आपण मोकळे होतो. अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो हे खरे. परंतु टायर फुटण्याचे मूळ पुष्कळदा निराळे असते, हे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. पण माझे वडील मूर्तिजापुरात पंक्चरचे दुकान चालवितात, त्यामुळे पुस्तकांच्या आधी मी टायरच हाताळले.

टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. कापूस पिकविणाऱ्या आपल्या मुलखाला नवल वाटेल, पण टायरचा सांगाडा धाग्यांचा असतो. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर तयार केला, तेव्हा रबरी नळीवर कापडच गुंडाळले होते. साध्या कापडातील उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून तुटत. म्हणून पुढे जवळजवळ एकाच दिशेच्या धाग्यांचे थर रबरात बसवू लागले. प्रथम सूत आले, मग रेयॉन, नायलॉन आणि पॉलिएस्टर. रिमला घट्ट धरणाऱ्या पोलादी तारांच्या दोन कड्यांभोवती हे थर वळविलेले असतात. मिशलँ कंपनीने १९४६ साली पेटंट घेतलेल्या रेडियल रचनेत धागे एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत सरळ जातात. त्यांवर पोलादी तारांचे पट्टे आणि सर्वांत वर नक्षीचे जाड रबर असते. शेवटी साच्यात उष्णता व दाब देऊन, गंधकाच्या योगाने, हे सारे एकजीव करतात.

गाडीचे ओझे मुख्यतः रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते. ताशी १०० किलोमीटर वेगाला मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १५ फेरे घेते. तार पुन्हापुन्हा वाकविली की तापून तुटते, तसेच येथे घडते. आतली उष्णता वाढते, थरांची पकड सुटते आणि टायर फुटतो. ऊन त्यात भर घालते; सुरुवात मात्र कमी हवेने आणि जादा ओझ्याने होते. लग्नसराईत खच्चून भरलेल्या गाड्यांत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. वडील म्हणतात, "हवा पाह्यले कोनी येत नाई, फुटल्यावर मंग येतात."

आता रस्ते बदलले आहेत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचे एकपदरी डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले व त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. पूर्वी खड्डेच वेग आवरत. आता ते काम आपल्यालाच करावयाचे आहे. कमी हवेचा टायर ताशी ४० च्या वेगाला निभावून जातो. १२० ला तो निभावेलच असे नाही.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हवा टायर थंड असताना, सकाळी तपासावी. योग्य दाब बहुधा चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. धावून तापलेल्या टायरचा दाब वाढतोच. १० अंशांना साधारण दीड पौंड. तो पाहून हवा सोडू नये, नाहीतर थंड झाल्यावर ती कमी पडते. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलावा. कारण पावसात चाकाखालचे पाणी नक्षीच्या खाचांतूनच बाहेर पडते. गोटा झालेला टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग ब्रेक दाबूनही उपयोग होत नाही. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचावेत : २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला.

आपल्यापैकी बहुतेकांकडे स्वतःची मोटार नाही. आपण भाड्याच्या गाडीत बसतो. तरीही बसण्यापूर्वी चाकांकडे एकदा पाहता येते, आणि "भाऊ, हवा पाहिली का?" असे विचारता येते. त्याला तिकीट लागत नाही.