अंदमानात पाचलाच दिवस मावळतो

डिसेंबरात नेवासे तालुक्यातल्या सोनईत सूर्य मावळतो तो सहाच्या सुमारास. त्याच दिवशी उत्तर अंदमानातल्या डिगलीपूरला तो पाचलाच मावळलेला असतो. देशभर घड्याळ एकच, पण सोनई साधारण 75 रेखांशावर आणि डिगलीपूर 93 वर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर बहात्तर मिनिटांचा फरक पडतो. विषुववृत्ताकडे हिवाळ्यातला दिवस थोडा मोठा असतो, म्हणून मावळतीचा फरक तासाभरावर येतो. भूगोलाच्या तासाला हे सगळे शिकतात. जंगलातल्या डोंगरवाटेवर मात्र ते आठवावं लागतं, आणि आठवतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

सोनईतल्या एका शिक्षक दांपत्याला ते सॅडल पीकच्या वाटेवर आठवलं. दोघंही चालणारी माणसं. रविवारी वांबोरीकडून मांजरसुंबा नाहीतर गोरक्षनाथ गड, सुटीत हरिश्चंद्रगड, कळसूबाई. अंदमानला जायचं तर सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडायचे आणि मग लोक जातात तिथे न जाता डोंगर चढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. सॅडल पीक हे अंदमान-निकोबार बेटांमधलं सर्वांत उंच शिखर. उंची सुमारे 732 मीटर. कळसूबाई 1646 मीटर. या दोन आकड्यांवरून दोघांनी अंदाज बांधला की हा डोंगर कळसूबाईच्या निम्माही नाही.

हा अंदाज आपल्याकडचे बहुतेक जण बांधतील, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गावच मुळात समुद्रसपाटीपासून सात-आठशे मीटरवर आहे. म्हणजे पायांना प्रत्यक्ष चढावं लागतं ते नऊशेच्या आसपास. सॅडल पीकची वाट लामिया बेच्या किनाऱ्यावरून, अगदी भरतीच्या रेषेजवळून सुरू होते. तिथे 732 पैकी एकही मीटर सवलतीत मिळत नाही. शिवाय चाल लांब. एका बाजूने सुमारे आठ किलोमीटर, परतीसह सोळा. सुरुवातीचा भाग किनाऱ्यालगतच्या झाडीतून आणि ओढ्यांतून सपाटीने जातो, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. खरा चढ नंतर एकदम अंगावर येतो.

आणि हवा. नेवासे तालुक्यातल्या कोरड्या हवेत घाम येतो आणि उडून जातो, अंग गार राहतं. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सदाहरित जंगलात वारा शिरत नाही आणि घाम अंगावरच राहतो. शरीर थंड होत नाही, पाणी मात्र जात राहतं. कळसूबाईला दोघांत मिळून पुरणारं पाणी इथे अर्ध्या वाटेतच संपत आलं. माणशी तीन लिटर पाणी आणि मीठ-साखर किंवा ओआरएसची पाकिटं, ही त्या डोंगरावरची किमान शिदोरी आहे.

त्या दिवशी ठरवलेली गाडी उशिरा आली. वनखात्याच्या फाटकावर नोंद, परवानगी, वाटाड्या हे सगळं उरकून पाऊल पडेपर्यंत ऊन चढलं होतं. दुपारी चढावर असताना बाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, इथे पाचला अंधार पडतो. आता फिरूया." शिखर झाडीतून दिसत होतं. सरांचं म्हणणं, एवढ्या लांब येऊन तासाभरासाठी कशाला सोडायचं? वाटाड्या त्या भागातल्या बंगाली वस्तीतला तरुण होता. त्याने वाद घातला नाही, फक्त पाठीवरची पिशवी उलट दिशेला वळवली. तिघंही परत फिरले.

तो निर्णय बरोबर होता. तरीही शेवटचे ओढे त्यांना अंधारातच ओलांडावे लागले. सॅडल पीक पूर्व किनाऱ्याजवळ आहे. समुद्र पूर्वेला आणि डोंगर पश्चिमेला, त्यामुळे मावळतीच्या बऱ्याच आधी वाटेवरचं ऊन डोंगराआड जातं. वर झाडांचं छत. चारच्या सुमारासच पायाखालची मुळं नीट दिसेनाशी होतात. मोबाईलच्या उजेडात एका ओढ्यात बाईंचा पाय घसरला, नडगी खडकावर सोलवटली. हाड मोडलं नाही, म्हणून ही गोष्ट इथेच संपते.

हाड मोडलं असतं तर? डिगलीपूरला उपचाराची सोय आहे, पण बेटांवरचं मोठं सरकारी रुग्णालय, गोविंद वल्लभ पंत रुग्णालय, पोर्ट ब्लेअरला. शहराचं नाव 2024 पासून श्रीविजयपुरम झालं आहे. रस्त्याने हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. मध्ये मिडल स्ट्रेटची खाडी गाडीसह बोटीतून ओलांडायची. पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल, तिथून पर्यटकांच्या गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात, तेही दिवसाउजेडी. सोनईहून अहिल्यानगरला तासाभरात पोचणाऱ्या माणसाने हा रस्ता नकाशावर बोट ठेवून एकदा पाहावा.

पाण्याबद्दलही सांगायला हवं. ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथे हातपाय धुवायचा मोह होतो. अंदमानच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये हॅवलॉक बेटावर एका परदेशी तरुणीचा मगरीने बळी घेतला होता. किनाऱ्यावरच्या पाट्या त्यासाठीच आहेत. सापांचंही तसंच. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बेतलेली. अंदमानातल्या चापड्याच्या जातीच्या सापांवर तिचा भरवसा धरता येत नाही. तिथे विजेरी हीच पहिली खबरदारी. ती कपाळावर बांधायची हवी, म्हणजे हात मोकळे राहतात.

खरचटलेल्या पायाने ओढे ओलांडले असतील तर पुढचे तीन-चार आठवडे अंगावर लक्ष ठेवावं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस बेटांवर एक गूढ ताप पसरला होता. त्याला अंदमानचा रक्तस्रावी ताप म्हणत. पुढे तो लेप्टोस्पायरोसिस असल्याचं निष्पन्न झालं. उंदीर आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून त्याचे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात. घरी परतल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत अंदमानचं नाव आणि ओढ्यांची गोष्ट सांगावी. नुसतं "ताप आलाय" म्हटलं तर आपल्याकडचे डॉक्टर आधी डेंग्यूचाच विचार करतील. त्यांचं त्यात चुकतं असंही नाही.

मावळती पाहण्याचा मोह जुना आहे. 8 फेब्रुवारी 1872 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो पोर्ट ब्लेअरसमोरच्या माउंट हॅरिएटवर सूर्यास्त पाहायला चढले. उतरून धक्क्यावर पोचेपर्यंत अंधार झाला होता आणि त्या अंधारातच शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्यांना भोसकलं. आज डोंगर चढणाऱ्याला सुऱ्याची भीती नाही, पण शिखरावरून सूर्यास्त पाहणाऱ्याला काळोखातच उतरावं लागतं, हे तेव्हाही खरं होतं आणि आताही आहे.

मग चढायचं कधी? सोनईच्या मुळा साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजूर अंधारातच फडात उतरतात. तो नियम इथे चालतो. अंदमानात सूर्य उगवतोही लवकर, डिसेंबरात साडेपाचच्या आसपास. गाडी आदल्या रात्री मुक्कामाच्या दारात उभी असावी, फाटकावर सकाळी पहिलं नाव आपलं असावं आणि परत फिरायची वेळ निघतानाच ठरलेली असावी. दुपारचे बारा वाजले की जिथे असू तिथून माघारी, ही मर्यादा योग्य वाटते. जोडप्यातल्या ज्याला पहिल्यांदा फिरावंसं वाटेल त्याचा शब्द शेवटचा, हेही घरीच ठरवावं. चढावर त्यावर चर्चा होत नाही, भांडण होतं.

दिवाळीच्या सुटीतला बेत तर टाळाच. आपल्याकडे पाऊस परतलेला असतो, अंदमानात मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात चालू असतो आणि वादळंही याच काळात येतात. डिसेंबरही निर्धोक नाही: 2016 च्या डिसेंबरात वादळामुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो पर्यटक अडकले होते. नौदलाची जहाजं पाठवून त्यांना आणावं लागलं. जानेवारी ते मार्च हा काळ बरा. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. रजेत तेवढे दिवस बसत नसतील तर सॅडल पीक या खेपेला सोडून द्यावं आणि सकाळी लवकर निघून माउंट हॅरिएटहून (आताचं नाव माउंट मणिपूर) मधुबनला उतरणारी जंगलवाट करावी. ती पोर्ट ब्लेअरजवळ आहे आणि दिवसाउजेडी आरामात संपते.